फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त



मागल्या जयंतीच्या आठवड्यात अकोल्याकडच्या एका वस्तीत कविसंमेलन झालं. तेवीस कवी होते. मी शिफ्टची अदलाबदल करून गेलो. दोन कविता वाचल्या, टाळ्या घेतल्या. आणखी एक मानाचं काम माझ्याकडे होतं : चिठ्ठीवरची नावं माईकवरून पुकारायचं. अकरा वाजून गेल्यावर एक मुलगी उठली. नववीतली. हातात वहीचं फाडलेलं पान. तिच्या कवितेत तिच्या गावची बोअर होती. गाव खारपाणपट्ट्यातलं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाहुण्याला चहा दिला तर तो पहिल्या घोटाला कप खाली ठेवतो. आणि बापाच्या पायावर सूज आहे, डॉक्टर म्हणतो पाणी बदला. कुठलं पाणी बदलायचं, ते तो सांगत नाही.

संयोजकानं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. कानाशी म्हणाला, "विषय सोडून चाललं हे. बाबासाहेब कुठं आहेत याच्यात?" मी माईक जवळ ओढला आणि म्हटलं, "छान. वेळ कमी आहे. पुढचे कवी..." पोरगी अर्ध्यात बसली.

राहिलेल्या बावीस जणांच्या कवितांत त्या रात्री सूर्य उगवला. घरी येऊन मी आठवून मोजलं. माझ्या दोन्ही कवितांत होता. बहुतेकांत मशाल होती, वादळ होतं, आणि "पेटून उठा" होतं. कोण पेटणार, कशानं, कोणत्या गल्लीत, याचा पत्ता एकाही कवितेत नव्हता. माझ्यातही नव्हता.

ह्या लेखात मला शाळेवर लिहायचं आहे. पण सुरुवात मंचापासून केली, कारण "विषय सोडून" हे दोन शब्द मी ह्याआधीही ऐकले होते. तेव्हा मी मंचावर नव्हतो, बाकावर होतो.

सातवीचा मराठीचा पेपर. निबंधाला विषय आला, 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त'. आमच्या घरात छत्री नव्हती. पावसात माय निंदाले जायची ती युरियाच्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घ्यायची. मला वाटलं, काम तर तेच आहे. मी पोत्याचं आत्मवृत्त लिहिलं. पाटलाच्या गोठ्यात आलो तेव्हा माझ्या पोटात पन्नास किलो युरिया होता, तिथून सुरुवात. मग रिकामा झालो, मग एका बाईच्या डोक्यावर बसलो, तिच्या केसातलं पाणी आणि माझ्यातला खताचा वास एक झाला, मग हिवाळ्यात दारात टांगला गेलो, मग शेवटी पोराच्या बुडाखाली आलो, आणि आता तो पोरगा माझ्यावर बसून अभ्यास करतो. असं काहीतरी. पानभर भरलं. लिहिताना मजा आली होती हे मला अजून आठवतं.

दहापैकी दोन. खाली लाल शाईत : विषय सोडून लिहिले आहे.

माय म्हणे, "पोत्यावर कायले लिवलं बाप्पा, छत्रीवर लिवाचं होतं ना!" मी म्हटलं, आपल्या घरी छत्री हाये काय? ती गप झाली. मग म्हणाली, "पेपरात तं होती ना."

माय शाळेत गेली नाही, पण शाळा तिला माझ्याआधी कळली. पुढल्या परीक्षेच्या वेळी मी गाईडातली छत्री पाठ केली. ती छत्री शहरातल्या मोठ्या दुकानात जन्मली होती, एका श्रीमंत कुटुंबात आली होती, छोट्या मुलीला शाळेत पोचवत होती आणि म्हातारपणी अडगळीच्या खोलीत पडून परोपकाराचं महत्त्व सांगत होती. फुलाचं आत्मवृत्त आलं, मी तीच छत्री वाकवून फूल केलं. आठ मार्क पडले. त्यानंतर दहावीपर्यंत मी एकही ओळ स्वतःची लिहिली नाही. गरजच पडली नाही.

गुरुजी वाईट नव्हते, हे लिहिलं पाहिजे. दोन पोरांच्या वह्या ते स्वतःच्या पैशानं आणायचे. साठ पेपर तपासायचे, वरून तपासणी. छत्री मागितली आणि पोतं आलं, तर ते काय करणार? पण त्यांनी मला काय शिकवलं ते मी सांगतो. आत्मवृत्त म्हणजे आपल्या घरी नसलेल्या वस्तूचं. 'मी' म्हणायचं, पण तो 'मी' आपण नसायचं.

हा साहित्यप्रकार शाळेनं आपल्या पिढ्यान्पिढ्यांना शिकवला. फाटकं पुस्तक, पडकं देऊळ, म्हातारा बैल, जुना वटवृक्ष, निवृत्त सैनिक, सगळ्यांची आत्मवृत्तं झाली. पोरानं स्वतःची कथा सांगायची, असा प्रश्न मी तरी कधी पाहिला नाही. आणि नेमका हाच प्रकार आपल्या लेखकांनी उचलला आणि उलटा केला. दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली आलं. मग एकामागून एक आली. प्रस्थापित समीक्षक अजून वाद घालतात की आत्मकथन हा प्रकार आपल्याकडे आला कुठून. कुणी म्हणतात आफ्रिकन-अमेरिकन लेखकांकडून, कुणी म्हणतात संतांच्या अभंगांतून. माझं साधं म्हणणं आहे : त्याचा एक धागा सातवीच्या पेपरातून आला. ज्यांना तीस वर्षं छत्रीचं आत्मवृत्त लिहायला लावलं, त्यांनी एक दिवस छत्री फेकली आणि पोतं लिहिलं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे शाळेमुळे प्रतिभा मरते, असंच ना? नाही. ही भाषा शहरातल्या पांढरपेशा पालकांची आहे, त्यांच्या पोरांसाठी महागड्या 'मुक्त' शाळा निघतात, आणि ती भाषा आपल्याला परवडत नाही. ज्याला भाकर मिळाली नाही त्यानं भाकरीनं पोट सुटतं असं बोलू नये. अण्णाभाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले आणि 'फकिरा' लिहून गेले, हे आपण अभिमानानं सांगतो. पण दीड दिवसात शाळा सुटली आणि एक अक्षर न लिहिता मेले, अशा माणसांची मोजदाद कोण ठेवतो? शेणगावचे गाडगेबाबा निरक्षर होते आणि आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण त्या निरक्षर माणसानं पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 साली कुणाला दिली? बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला. त्यांना स्वतःला अक्षर आलं नाही म्हणून अक्षराचं मोल कमी आहे, असं त्यांनी कधी मानलं नाही. सरकारनं 2017 साली दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचं ठरवलं, तेव्हा त्या शाळा वाईट शिकवतात की चांगलं, हा प्रश्न आपल्या वस्तीत कुणी विचारला नाही. आधी शाळा राहू दे. भांडू तिच्याशी आत बसून.

भांडायचं कशासाठी, ते महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढं सांगून ठेवलं आहे. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शेतकरी वर्गातले घ्या, शेतीची नि आरोग्याची माहिती द्या. रयतेच्या पैशातून वरच्यांची उच्च शिक्षणं होतात, हेही सुनावलं. मला त्यात शिक्षकांची मागणी सगळ्यात महत्त्वाची वाटते. पोत्याची खोळ ज्यानं स्वतः डोक्यावर घेतली, तो पेपर तपासताना थांबला असता.

आणि फुल्यांच्या शाळेतून काय निघालं, त्याचा कागदोपत्री पुरावा आहे. मुक्ता साळवे. मांगाची पोर, वय चौदा. 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध दोन भागांत छापून आला, मांग-महारांच्या दुःखावर. वेद आमचे, तुम्ही ते पाहायचे नाहीत, असं बामण म्हणतो. तर मग आम्ही धर्मपुस्तकाशिवायचे, म्हणजे धर्माशिवायचे झालो का, असा सवाल ती देवालाच करते. हा तर्क आहे, हंबरडा नाही. आणि त्याच निबंधात ती बाळंत होणाऱ्या बायांच्या अंगावर छप्पर नसतं, त्यांना थंडीवाऱ्यात काय सोसावं लागतं, तेही लिहिते. म्हणजे चौदा वर्षांच्या पोरीनं एका हातानं वेदाचा दाखला पकडला आहे नि दुसऱ्या हातानं गळकं छप्पर. ह्या निबंधाचा विषय तिला कोणत्या गाईडात सापडला असता? शाळेनं तिला अक्षर दिलं, वाक्य कसं जुळवायचं ते दिलं, आणि मग तिच्या तोंडावर हात ठेवला नाही. एवढंच केलं. पण एवढं फार असतं.

ती 'आम्ही' म्हणते. पण तो 'आम्ही' कुणी तिला लिहून दिलेला नाही. तिनं पाहिलेल्या बायांचा तो आहे. आपल्या चळवळीत 'मी' आणि 'आम्ही' यांचं भांडण लावण्याची खोड आहे. 'मी' लिहिला की व्यक्तिवादी, पांढरपेशा झाला. 'आम्ही' लिहिला की बांधिलकी. ही वाटणी खोटी आहे, हे मला दोन बायांच्या पुस्तकांनी शिकवलं.

पहिलं पुस्तक कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट', 1981. त्या नागपूरच्या, महार घरातल्या. शिकल्या काय, तर संस्कृत. पुढं अमरावतीच्या सरकारी महाविद्यालयात त्यांनी ते शिकवलंही. त्यातला त्यांच्या संस्कृतवरचा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला होता, खरं सांगतो. वाटलं, कशाला? ज्या भाषेनं आपल्या कानात शिसं ओतलं, तिच्यात एम.ए. करून समाजाला काय मिळालं? दुसऱ्यांदा वाचला तेव्हा कळलं की हाच प्रश्न दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर आदळत होता आणि त्या मधे उभ्या होत्या. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. त्यांच्यामागून एका पोरीनं तोच बंद दरवाजा निवडला. चळवळीनं सांगितलं म्हणून नव्हे. तिला पाहिजे होतं म्हणून.

लेखात एक गोखले गुरुजी आहेत. सोवळ्या दिसणाऱ्या ह्या माणसाची पोरीला भीती वाटते, आणि तेच तिला मायेनं शिकवतात. आपल्या मंचावर असला बामण चालला नसता. "विषय सोडून" झालं असतं. पण पावडेताईंनी तो तसाच ठेवला, कारण तो तसा होता. आणि म्हणूनच पुढचं जे येतं ते नाकारायला वाचकाला जागा उरत नाही. एम.ए. चांगल्या गुणांनी होऊन नोकरी नाही. मुलाखतीत टोमणे. मग आंतरजातीय लग्न होतं, आडनाव बदलतं, आणि सरकारी नोकरी मिळते. ह्या यशाचं श्रेय सोमकुवर ह्या माहेरच्या नावाला गेलं की पावडे ह्या सासरच्या, हा हिशेब त्या स्वतःच मांडतात, शांतपणे. गुणवत्तेचं सगळं थोतांड त्या एका आडनावाच्या बदलात उघडं पडतं. शंभर "पेटून उठा" लिहून ते पडलं नसतं. एका बाईनं स्वतःपुरती, हट्टाची, समाजाला बिनकामाची वाटणारी गोष्ट केली, ती खरी लिहिली, आणि ती सगळ्यांच्या कामी आली.

दुसरं पुस्तक बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. त्या फलटणच्या. शिक्षण चौथीपर्यंत. दुकान सांभाळत लिहिलं आणि कितीतरी वर्षं नवऱ्यापासून, घरच्यांपासून लपवून ठेवलं. नावातच 'आमुचं' आहे. स्वतःबद्दल त्या कमी बोलतात, महारवाड्याबद्दल जास्त. तरी हा 'आम्ही' आपल्या मंचावरच्या 'आम्ही'पेक्षा किती वेगळा! त्यात सासवांनी छळलेल्या सुना आहेत, अंगात येणं आहे, घरातल्याच पुरुषांची मारझोड आहे, आणि शिकूनसवरून वस्तीकडे पाठ फिरवलेल्यांना सुनावलेले बोल आहेत. बाबासाहेबांवर त्या बाईची जेवढी श्रद्धा आहे तेवढी आपल्या तेवीस जणांची मिळून नसेल. तरी तिनं आपलं झाकलं नाही. समूहाचं नाव घेऊन समूहाचंच उणं सांगायला एकट्या माणसाची छाती लागते. ती तिनं लपवून ठेवलेल्या कागदांवर कमावली.

आता आपल्याकडे वळतो. प्रस्थापित समीक्षक म्हणतात की दलित साहित्यात तोचतोचपणा आला. ते हे आकसानं म्हणतात, ठाऊक आहे मला. त्यांच्या शृंगारातल्या चांदण्याला दीडशे वर्षं तोचतोचपणा दिसला नाही. पण ते बोलतात म्हणून आपण आपसात बोलायचं नाही, हे कुठलं शहाणपण? मी बोलतो. आपण दुसरी शाळा काढली आहे. तिचं गाईड आहे. त्यात सूर्य आहे, मशाल आहे, वादळ आहे. 1970-72 साली ज्यांनी हे शब्द पहिल्यांदा उच्चारले त्यांनी ते आपल्या हाडातून काढले होते. आपण ते पाठ करतो आणि टाळ्यांचे मार्क घेतो. ह्या शाळेतही पोतं आणलं की दोन मार्क पडतात.

आणि बाबासाहेबांचं स्वतःचं काय म्हणणं? नागपुरात जुलै 1942 मध्ये अस्पृश्यांची परिषद भरली, तिथल्या भाषणात त्यांनी तीन शब्द दिले, इंग्रजीत. आधी शिका, मग चेतवा, मग संघटित व्हा, हा त्यांचा क्रम. आपल्या भिंतींवर संघटित व्हा दुसरं आलं आहे नि चेतवाच्या जागी संघर्ष. मोठा फरक नाही म्हणाल. मला वाटतो. मधलं जे चेतणं आहे ते एकेकट्या डोक्यात होतं. ते वगळून सरळ रांगेत उभं राहिलं की फक्त रांग होते. ज्या बुद्धाला आपण शरण गेलो त्यानं कालामांना काय सांगितलं? परंपरेनं आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हा श्रमण आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. स्वतः पारखा. जगात दुसऱ्या कुठल्या शास्त्यानं शिष्यांना असं सांगून स्वतःलाच परीक्षेला बसवलं, ते मला ठाऊक नाही.

गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. आमच्या वऱ्हाडात म्हाताऱ्या माणसांकडून अजून ऐकायला मिळतं. दिवसभर झाडू मारायचा आणि रात्री लोकांना प्रश्न विचारायचे. वऱ्हाडी बोलीत, घरचे प्रश्न. देवाला नैवेद्य दाखवता, तो खातो काय? कर्ज काढून लग्न करता, फेडते कोण? उत्तर लोकांनीच द्यायचं. हजार माणसं एका सुरात बोलत, पण प्रत्येकाला आपल्या घरचं कर्ज आठवत असे. मला ही पद्धत कोणत्याही बी.एड.च्या पुस्तकापेक्षा मोठी वाटते. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे नावाच्या मास्तरनं 1963 साली आंजिकोस गावी तीनेकशे मजुरांना चाळीसेक तासांत लिहा-वाचायला शिकवलं, ते असंच. मुळाक्षरांच्या तक्त्याऐवजी त्यांच्या कामातला शब्द घ्यायचा, समजा 'वीट', आणि विचारायचं की वीट कोण भाजतं, घर कुणाचं होतं. पुढल्या साली तिथं लष्कर सत्तेवर आलं आणि त्याला तुरुंगात टाकलं, मग देशाबाहेर जावं लागलं. वीट शब्दाची भीती वाटली त्यांना. आपल्या 2020 च्या शिक्षण धोरणातही सर्जनशीलता आणि चिकित्सक विचार हे शब्द ठायी ठायी आहेत. कुणाला त्याची भीती वाटल्याचं ऐकिवात नाही.

आता माझ्या गिरणीतली गोष्ट. मी अमरावतीजवळच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. गिरणीचं नाव घेत नाही. आमच्याकडे डॉफिंगला बाया आहेत. मशीनच्या टोकाला गिअरची पेटी असते, तिचं झाकण एका फ्रेमवर कितीतरी दिवस नुसतं टेकवलेलं होतं. एका मावशीचं बोट त्यात गेलं. पेर गेलं. सगळे म्हणाले, तू कवी ना, अर्ज लिही. लिहिला. सांगायला हरकत नाही, अर्ज कसा लिहायचा हे मला शाळेनंच शिकवलं होतं : डावीकडे प्रति, मधे विषय, खाली आपला विश्वासू. हे शाळेचं ऋण आहे आणि मी ते मानतो. पण मजकूर मी मंचावरचा घातला. आम्ही सर्व शोषित कामगार, आमच्या घामावर, आमच्या रक्तावर, वगैरे. एकतीस सह्या झाल्या. अर्ज वर गेला आणि तिथंच राहिला.

महिन्याभरानं मावशीनं मला गाठलं. बोटाला अजून चिंधी होती. म्हणे, "बापू, ह्या तं समद्याइचं लिवलं त्वा. माह्या बोटाचं कुठी हाये? कोणत्या तारखेले गेलं, कोणत्या मशिनीवर गेलं, झाकनाचा बोल्ट कधीपासून नव्हता, ते लिव. तू आम्ही सर्व म्हनतं, तो म्हनते कोन सर्व?"

दुसरा अर्ज लिहिला. त्यात विशेषण नव्हतं. तारीख होती, फ्रेमचा नंबर होता, बोटाचं पेर होतं, आणि बोल्ट नाही हे कुणाला कधी तोंडी सांगितलं ते होतं. सही आधी मावशीची, म्हणजे अंगठा, तोही डाव्या हाताचा, कारण उजवा बांधलेला. खाली एकतीसच्या जागी चव्वेचाळीस सह्या झाल्या, कारण वाचून दाखवल्यावर इतर बायांना आपापली झाकणं आठवली. आठ दिवसांत सहा फ्रेमवर बोल्ट बसले. मावशीला पेराचे पैसे मिळाले नाहीत, ते भांडण चालू आहे. मला कविता कशी लिहावी हे त्या बाईनं शिकवलं. ती शाळेत गेलेली नाही.

बाबासाहेबांची एक छोटी पुस्तिका आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. परदेशी माणसाला अस्पृश्यता समजावी म्हणून लिहिलेली. एवढा कायदेपंडित, एवढा इतिहासाचा अभ्यासक, पण त्यात त्यांनी सिद्धांत मांडले नाहीत. काही प्रसंग सांगितले. शाळेत वेगळं बसायला लागायचं, खाली गोणपाट, ते गोणपाट शाळेचा शिपाई शिवणार नाही म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचं नि सकाळी परत आणायचं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. पोतं! आपल्या आत्मकथनाच्या अगदी पहिल्या पानावर पोतं आहे आणि ते स्वतः बाबासाहेबांनी लिहिलं आहे.

आणि त्याच पुस्तिकेत मसूर स्टेशनचा प्रसंग आहे. साल 1901. साताऱ्याहून पोरं वडिलांकडे गोरेगावला निघालेली. अंगावर नवे कपडे. महार आहेत कळल्यावर गाडीवान मिळेना, दुप्पट भाडं देऊन मिळाला. जवळ फराळाचा डबा होता. पण पाणी नव्हतं. कुणी दिलं नाही. अन्न समोर असून पोरं रात्रभर उपाशी राहिली, कारण घास उतरवायला पाणी नाही. नऊ वर्षांच्या पोराची ती तहान त्यांनी जन्मभर विसरली नाही, आणि लिहिताना ती वाढवलीही नाही. डबा किती, भाडं किती, टोलनाक्यावर कोण काय म्हणालं, तेवढंच.

संयोजक मित्रा, तू विचारलं होतंस बाबासाहेब कुठं आहेत याच्यात. त्या कवितेत ते मसूरहून निघालेल्या गाडीत होते, डबा मांडीवर घेऊन. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या शेकडो गावांखाली खारं पाणी आहे आणि एक पोरगी ते पाणी घेऊन आपल्या मंचावर आली होती. महाडच्या तळ्याच्या नावानं त्याच मंचावर त्या रात्री चार कविता झाल्या. पाण्यावर बोलणारी पाचवी होती, ती आपण बसवली. तू खांद्यावर हात ठेवलास, पण माईक माझ्या हातात होता. म्हणून हा लेख मी लिहितो आहे, तुझ्यावर ढकलत नाही.

ह्या अंकासाठी मी त्या पोरीकडे तिची कविता मागितली. तिच्या काकाकरवी निरोप पाठवला, चुकलं म्हणालो, पुरी कविता पाहिजे म्हणालो. चार दिवसांनी उलटा निरोप आला : दादाले सांगजो, यंदा दहावी हाये, निबंध पाठ करून राह्यली, पेपर झाल्यावर पाहू. कोणता निबंध, ते मी काकाला विचारलं. त्याला सांगता आलं नाही.

संपादकांना विनंती, एप्रिलच्या अंकात एक पान कोरं ठेवा. पेपर मार्चमध्ये संपतात.